एजंटसाठी टूलचं वर्णन लिहिताना

ग्रंथालयाच्या वाचकांना मदत करणाऱ्या एका एजंटवर, म्हणजे भाषा-मॉडेलच्या जोरावर स्वतः कामं करणाऱ्या प्रोग्रॅमवर, मी काम करत होतो. एका वाचकाने लिहिलं, "हे पुस्तक परत पंधरा दिवस हवंय." त्याला मुदत वाढवून हवी होती. एजंटने 'रिटर्न_बुक' हे टूल, म्हणजे त्याला वापरायला दिलेलं एक फंक्शन, चालवलं. पुस्तक वाचकाच्या हातात, आणि नोंदीत मात्र ते जमा झालेलं. रांगेतल्या पुढच्या वाचकाला "तुमचं पुस्तक उपलब्ध आहे" असा निरोपही गेला.

कोडमध्ये चूक नव्हती. मॉडेलही कच्चं नव्हतं. दोन टूल्सची वर्णनं मी लिहिली होती ती अशी: 'रिटर्न_बुक' म्हणजे "पुस्तक परत नोंदवतं" आणि 'रिन्यू_लोन' म्हणजे "लोनचं नूतनीकरण करतं". मराठीत 'परत' म्हणजे माघारीही आणि पुन्हाही. वाचकाच्या वाक्यातला तो शब्द एकाच वर्णनात होता, आणि 'नूतनीकरण' हा शब्द कोणताही वाचक कधी वापरत नाही. मॉडेलसमोर जे ठेवलं होतं, त्यातून त्याने तर्काने बरोबर निवड केली. चुकलं होतं ते मी समोर ठेवलेलं.

(टूल्सची नावं इथे वाचायला सोपी जावीत म्हणून देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी नावात फक्त रोमन अक्षरं, अंक, अंडरस्कोर आणि हायफन चालतात.)

मॉडेलला नेमकं काय दिसतं

आधी हे डोक्यात पक्कं बसू द्या, कारण पुढचं सगळं यातूनच येतं. मॉडेलला तुमच्या टूलच्या तीनच गोष्टी दिसतात: नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा स्कीमा, म्हणजे टूलला कोणते तपशील कोणत्या साच्यात द्यायचे याची यादी. फंक्शनच्या आतला कोड, त्यातल्या कॉमेंट्स, टीमच्या मीटिंगमध्ये ठरलेले संकेत, डेटाबेसमधल्या कॉलमचा अर्थ, यातलं काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्या तीन गोष्टी साध्या मजकुराच्या रूपात प्रत्येक विनंतीबरोबर मॉडेलकडे जातात. मॉडेल तो मजकूर वाचतं आणि "अमुक टूल, अमुक किमती" असा एक ठरावीक साच्यातला मजकूर लिहून देतं (किंमत म्हणजे पॅरामीटरमध्ये भरलेला शब्द किंवा आकडा). टूल प्रत्यक्षात चालवतो तो तुमचा प्रोग्रॅम.

ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग, म्हणजे मॉडेलला अशी टूल्स देण्याची सोय, आणलं तेव्हा टूल लिहिणारा आणि एजंट बांधणारा बहुधा एकच माणूस असायचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हा कुठल्याही एजंटला बाहेरच्या सर्व्हरवरची टूल्स जोडण्याचा सामायिक संकेत खुला केला आणि हे चित्र बदललं. आता तुम्ही लिहिलेलं टूल तुम्ही कधी न पाहिलेल्या एजंटला जोडलं जातं, तुम्हाला माहीत नसलेल्या दहा टूल्सच्या शेजारी बसतं. तिथे समजावून सांगायला तुम्ही नसता, तुमचं वर्णन असतं.

पहिली पायरी: लिहिण्याआधी वाक्यं गोळा करा

वर्णन लिहायला बसण्याआधी वापरणारे लोक काय बोलतात ते जमवा. वीस-तीस वाक्यं पुरतात, पण ती खरी हवीत: जुने ईमेल, चॅटच्या नोंदी, मदत खिडकीवर विचारलेले प्रश्न. स्वतः टेबलाशी बसून रचलेली वाक्यं फार नीटनेटकी होतात. "कृपया माझ्या पुस्तकाची मुदत वाढवावी" असं कुणी लिहीत नाही. लोक लिहितात, "अजून वाचून झालं नाही, काय करू?"

प्रत्येक वाक्यापुढे कोणतं टूल चालायला हवं ते लिहा. काही वाक्यांपुढे "कोणतंच नाही" असंही यायला हवं. ही वही पुढे चाचणीला उपयोगी पडते, आणि त्याआधी वर्णनात कोणते शब्द यायला हवेत हेही तीच सांगते.

मग एक तपासणी करा. या प्रकल्पाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त नावं, वर्णनं आणि पॅरामीटर द्या, सोबत ती वाक्यं द्या, आणि कोणतं टूल कोणत्या किमतींनी चालवायचं ते कागदावर लिहायला सांगा. ओपनएआयच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही हीच कसोटी आहे: मॉडेलला जेवढं दिलंय तेवढ्यावर एखादा इंटर्न ते फंक्शन बरोबर वापरू शकेल का? सहकारी जिथे मान वर करून "म्हणजे काय रे?" विचारतो, तिथे वर्णनात भोक आहे. त्याला तोंडी जे उत्तर द्याल, तेच वर्णनात लिहा.

दुसरी पायरी: वर्णनाचा गाभा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. अँथ्रॉपिकच्या दस्तऐवजात प्रत्येक टूलसाठी किमान तीन-चार वाक्यं लिहावीत असं सुचवलंय, आणि माझा अनुभव तसाच आहे. एका ओळीचं वर्णन पुरतं असं टूल मला क्वचितच भेटलंय.

शोधाच्या टूलचं माझं पहिलं वर्णन होतं: "पुस्तक शोधतं." आज ते असं आहे:

"ग्रंथालयाच्या सूचीत पुस्तकं शोधून जुळणाऱ्या नोंदींची यादी देतं. वाचकाला पुस्तकाचं नाव, लेखक किंवा विषय माहीत आहे, पण सूची क्रमांक माहीत नाही, तेव्हा वापरावं. सूची क्रमांक हाती असेल तर थेट चेक_कॉपीज वापरावं. जास्तीत जास्त २० नोंदी मिळतात. प्रत्येकीत सूची क्रमांक, शीर्षक, लेखक आणि आवृत्तीचं वर्ष असतं. प्रत सध्या उपलब्ध आहे की नाही हे यातून कळत नाही. काहीच जुळलं नाही तर रिकामी यादी येते. ती एरर नसते, म्हणून तोच शोध पुन्हा चालवू नये."

पहिलं वाक्य काम सांगतं. दुसरं कधी वापरायचं ते, तिसरं कधी वापरायचं नाही ते. चौथ्या-पाचव्यात हाती काय लागेल ते कळतं. इथपर्यंत बहुतेक जण पोहोचतात. शेवटची तीन वाक्यं मात्र ठेच लागल्यावर आली.

"प्रत उपलब्ध आहे की नाही हे कळत नाही" हे वाक्य नव्हतं तेव्हा एजंट यादीत पुस्तक दिसलं की वाचकाला खुशाल सांगायचा, "हो, हे पुस्तक उपलब्ध आहे." सूचीत असणं आणि कपाटात असणं यातला फरक आपल्याला इतका उघड वाटतो की लिहायचं सुचतच नाही. मॉडेलला तो कुठून कळणार? टूल काय देत नाही, हे सांगणं काय देतं हे सांगण्याइतकंच गरजेचं आहे.

आणि रिकामी यादी आली की एजंट अडून बसायचा. नावाचं ऱ्हस्व-दीर्घ बदल, आडनाव आधी घे, असं करत पाच-सहा वेळा शोधायचा. त्याला वाटायचं काहीतरी बिघडलंय. शेवटच्या वाक्याने ते बऱ्याच अंशी थांबलं.

काय लिहू नये, तेही सांगतो. आत कोणता डेटाबेस आहे, कोणत्या सर्व्हरवर चालतं, कुणी कधी लिहिलं, हे मॉडेलच्या निवडीला काडीचीही मदत करत नाही. "शक्तिशाली", "अत्याधुनिक" ही विशेषणंही नकोत. ती वाचून काही मॉडेल्स त्या टूलकडे विनाकारण झुकतात. प्रत्येक वर्णन दर विनंतीला मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे ते एका वेळी वाचू शकतं त्या मर्यादित मजकुरात, जागा खातं, तेव्हा प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: हे काढलं तर मॉडेलचा कोणता निर्णय बदलेल? उत्तर नसेल तर वाक्य काढा.

तिसरी पायरी: शेजाऱ्यांमधलं कुंपण

वर्णनं एकेकटी लिहिली की चांगली दिसतात आणि एकत्र ठेवली की भांडतात. म्हणून जवळची टूल्स नेहमी जोडीने लिहा, एकाच पानावर, एकाखाली एक.

परत आणि मुदतवाढ या जोडीचं मी असं केलं. 'रिटर्न_बुक': "वाचकाने पुस्तक ग्रंथालयात प्रत्यक्ष जमा केल्यावर त्याची नोंद करतं. पुस्तक अजून वाचकाकडे असेल तर वापरू नये. वाचकाला पुस्तक पुन्हा हवं असेल किंवा जास्त दिवस ठेवायचं असेल तर रिन्यू_लोन वापरावं. 'परत' या शब्दाचा अर्थ संदर्भावरून स्पष्ट नसेल तर आधी वाचकाला विचारावं." आणि 'रिन्यू_लोन': "वाचकाकडे सध्या असलेल्या पुस्तकाची मुदत वाढवतं. 'अजून काही दिवस हवंय', 'वाचून झालं नाही', 'परत पंधरा दिवस द्या' अशा मागण्यांसाठी वापरावं. पुस्तक आधीच जमा झालं असेल तर हे चालत नाही. तेव्हा रिझर्व्ह_कॉपी वापरावं."

दोन्ही एकमेकांची नावं घेतात. वाचकाच्या तोंडचे शब्द वर्णनात आले आहेत. त्याच सुमारास दुसरा एक घोळ सापडला: "ते बुक करायचंय" यातलं 'बुक' म्हणजे राखून ठेवणं, आणि टूल्सच्या निम्म्या नावांत 'बुक' म्हणजे पुस्तक. म्हणून 'रिझर्व्ह_कॉपी'च्या वर्णनात "'बुक करा', 'राखून ठेवा', 'माझ्या नावावर ठेवा'" हे तिन्ही प्रयोग घातले. मराठी वापरकर्त्यांसाठी एजंट बांधणाऱ्याने हे काम दुसऱ्या कुणावर सोडू नये. वर्णन इंग्रजीत असलं तरी चालेल; मॉडेल मजकूर टोकन नावाच्या तुकड्यांत वाचतं आणि त्यांवर पैसे लागतात; अनेक मॉडेल्सचा टोकनायझर (हे तुकडे पाडणारा भाग) देवनागरीला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लावतो, त्यामुळे खर्चाच्या दृष्टीने ते सोयीचंही पडतं. पण लोकांचे मराठी शब्द अवतरणात तसेच्या तसे ठेवा.

दोन टूल्समधलं कुंपण शब्दांत मांडताच येत नसेल, तर बहुधा ती दोन टूल्स नसतातच. ती एकत्र करा. टूल्सची संख्या कमी ठेवल्यानेही निवड सुधारते. ओपनएआय एका वेळी २० पेक्षा कमी फंक्शन्स ठेवायला सुचवतं, नियम म्हणून नव्हे, अंदाज म्हणून.

नावांबद्दल थोडक्यात: क्रियापद आणि कर्म दोन्ही असू द्या. नुसतं 'सर्च' ठेवलंत आणि दुसऱ्या सर्व्हरवरचं 'सर्च' शेजारी आलं, की गोंधळ ठरलेला. 'लायब्ररी_सर्च_कॅटलॉग' लांब आहे, पण ते काय करतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

चौथी पायरी: पॅरामीटर

टूल बरोबर निवडलं आणि किंमत चुकीची भरली, तर चूक जास्त उशिरा लक्षात येते. प्रत्येक पॅरामीटरच्या वर्णनात चार गोष्टी बघा: साचा, एकक, एक उदाहरण, आणि ही किंमत कुठून आणायची.

चौथी गोष्ट हमखास राहून जाते. 'सूची_क्रमांक' या पॅरामीटरपुढे मी फक्त "पुस्तकाचा सूची क्रमांक" लिहिलं होतं. क्रमांक हाती नसला की मॉडेल दिसायला अगदी खऱ्यासारखा एक क्रमांक रचून द्यायचं. आता तिथे आहे: "लायब्ररी_सर्च_कॅटलॉगच्या उत्तरातून जसाच्या तसा घ्यावा. अंदाजाने बनवू नये. नसेल तर आधी शोध चालवावा."

तारखांसाठी आयएसओ ८६०१ चा वर्ष-महिना-दिवस साचा मागा आणि उदाहरण द्या: २०२५-०६-०९. ०६/०९ असं आलं तर ते जूनचं की सप्टेंबरचं, हे सांगता येत नाही. मराठीत त्यावर आणखी एक पेच आहे. 'परवा' म्हणजे दोन दिवसांपूर्वीही आणि दोन दिवसांनंतरही. "परवा नेलेलं" आणि "परवा नेणार" यात क्रियापद वाचवतं; पण "परवाचं पुस्तक" यात काहीच वाचवत नाही. मी वर्णनात लिहिलं: "'परवा'चा काळ वाक्यातून कळत नसेल तर तारीख भरू नये, विचारावं." शिवाय आज कोणती तारीख आहे हे मॉडेलला आपोआप माहीत नसतं, ती प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे मॉडेलला दिलेल्या सूचनांमध्ये, द्यावी लागते. कालावधीचं एकक नावातच घाला, 'मुदत_दिवस' किंवा 'वेळ_मिनिटे' असं, आणि पूर्णांक मागा. वर्णनात "अडीच तास म्हणजे १५०" एवढं उदाहरण असलं की दीड, पावणेदोन, साडेतीन ही सगळी मंडळी नीट बसतात.

मोजक्याच किमती शक्य असतील तर स्कीमात इनम (चालणाऱ्या किमतींची ठरावीक यादी) वापरा आणि प्रत्येक किमतीचा अर्थ लिहा. ऐच्छिक पॅरामीटर रिकामा ठेवला तर काय धरलं जाईल, तेही लिहा. 'नको_असल्यास_बंद' छापाचे उलटे बुलियन (हो/नाही पॅरामीटर) टाळा; त्यात माणूसही अडखळतो.

वर्णनापेक्षा रचना कधी बदलावी, याचं एक बोलकं उदाहरण आहे. एसडब्ल्यूई-बेंच या, खऱ्या सॉफ्टवेअरमधल्या चुका एजंटला दुरुस्त करता येतात का हे बघणाऱ्या, चाचणीसाठी एजंट बांधताना अँथ्रॉपिकच्या टीमला दिसलं की एजंट मूळ फोल्डरमधून बाहेर गेला की फाइलचे सापेक्ष मार्ग (सध्याच्या फोल्डरपासून मोजलेले पत्ते) चुकवतो. त्यांनी टूलच असं बदललं की त्याला नेहमी पूर्ण मार्गच द्यावा लागेल, आणि ती चूक नाहीशी झाली. त्या कामात मुख्य प्रॉम्प्टपेक्षा टूल्स सुधारण्यावर जास्त वेळ गेला, असंही त्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लिहिलं. या विचाराला टोयोटाच्या कारखान्यांमधून आलेलं, शिगेओ शिंगो यांच्या नावाशी जोडलेलं नाव आहे: पोका-योके, म्हणजे चूक करताच येऊ नये अशी मांडणी. तिसऱ्यांदा एकाच चुकीसाठी वर्णनात वाक्य वाढवावं लागलं, तर वर्णन सोडा आणि पॅरामीटर बदला.

पाचवी पायरी: परिणाम आणि एरर

टूल नुसतं वाचतं की काही बदलतं, हे पहिल्या दोन वाक्यांत यायला हवं. बदल मागे घेता येत नसेल तर तेही. एमसीपीमध्ये यासाठी खुणा आहेत: टूल फक्त वाचणारं आहे का, नाश करणारं आहे का, तेच पुन्हा चालवलं तरी परिणाम एकदाच होतो का. शेवटची खूण दुर्लक्षू नका. आमच्याकडे नेटवर्क अडकलं, उत्तर आलं नाही, एजंटने राखीव नोंद पुन्हा केली आणि एका वाचकाच्या नावावर दोन प्रती अडकल्या. वर्णनात "उत्तर न आल्यास आधी लिस्ट_रिझर्वेशन्स पाहावं" असं घातलं, आणि सोबत सर्व्हरवर दुहेरी नोंद अडवली. दोन्ही करावं लागतं. वर्णन ही सूचना आहे, कुलूप नव्हे. ज्या चुकीने खरं नुकसान होईल ती कोडमध्येच अडवा.

एरर हाही वर्णनाचाच भाग समजा, कारण मॉडेल तो वाचून पुढचं पाऊल ठरवतं. "एरर ४००" वाचून ते काय करणार? "मुदत_दिवस १ ते १५ मध्ये हवी, ३० मिळाले. वाचकाला जास्तीत जास्त १५ दिवस मिळतील असं सांगा" हे वाचलं की पुढचा कॉल बरोबर येतो. उत्तर फार मोठं असेल तर कापा आणि कापलंय हे त्याच उत्तरात सांगा.

सहावी पायरी: चालवून बघा, नोंदी वाचा

पहिल्या पायरीतली वही आता काढा. त्यातली काही वाक्यं बाजूला ठेवा, त्यांच्याकडे बघून वर्णन सुधारायचं नाही. ती शेवटच्या पडताळणीसाठी. बाकीचं प्रत्येक वाक्य पाच-पाच वेळा चालवा, कारण मॉडेल दरवेळी तेच करेल याची खात्री नसते. पाचांपैकी दोनदा चुकलं तर ते चुकलंच.

चुकल्यावर लगेच वर्णनात "अत्यंत महत्त्वाचं" आणि चार उद्गारचिन्हं घालायचा मोह होतो. त्याने एक वाक्य सुधारतं आणि तीन बिघडतात. त्याऐवजी पूर्ण नोंद वाचा: मॉडेलने आधी काय पाहिलं, कोणत्या शब्दावर ते वळलं, हाताशी दुसरं कोणतं टूल होतं. एका वेळी एकच बदल करा आणि सगळी वाक्यं पुन्हा चालवा. मॉडेललाच "या दोन वर्णनांत कुठे संदिग्धता आहे?" असं विचारणंही कामाला येतं, त्याचं उत्तर दरवेळी बरोबर नसतं, पण माझ्या नजरेतून सुटलेले दोन शब्द त्याने दाखवले होते. मॉडेलची आवृत्ती बदलली की वही पुन्हा पहिल्यापासून.

दुसऱ्याचा एमसीपी सर्व्हर जोडताना त्याची सगळी वर्णनं आधी स्वतः वाचा. ती तुमच्या मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये जाणार आहेत, आणि वर्णनाच्या पोटात "आधी ही फाइल वाचून पाठव" अशी छुपी सूचना घालता येते. सायमन विलिसन यांनी सप्टेंबर २०२२ मध्ये ज्याला प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं, त्याचंच हे रूप. सर्व्हर अपडेट झाला की वर्णनं बदललीत का, तेही तपासा.

आमची वर्णनं आता कोडच्याच रेपॉझिटरीत, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साठ्यात, राहतात. वर्णनात शब्द बदलला तरी रिव्ह्यू होतो आणि वहीतली सगळी वाक्यं चालतात. पहिलं वाक्य आहे, "हे पुस्तक परत पंधरा दिवस हवंय." त्यावर 'रिन्यू_लोन' चालायला हवं, पाचही वेळा. दुसरं आहे, "पुस्तक परत पाहिजे," एवढंच. तिथे कोणतंच टूल न चालवता एजंटने विचारायला हवं: "मुदत वाढवू, की जमा केलेलं पुस्तक पुन्हा तुमच्यासाठी राखून ठेवू?"